मोटारीत न मावलेली सासनकाठी

फाल्गुन वद्य पंचमी: जोतिबाच्या डोंगरावर बैलगाड्यांऐवजी भाड्याच्या मोटारीने जाण्याचा ठराव, जबाबदार, आमच्या निपाणीतील गल्लीचे अध्यक्ष. दशमी: गाडीवानाला नकार, जबाबदार, चिटणीस. गुढीपाडवा: देवापुढे नाचवायची सासनकाठी, म्हणजे कौलांच्याही वर जाणारा तो सजवलेला बांबू, उभी केल्यावर ती मोटारीत मावणार नाही हे उघड, जबाबदार, दोघेही.

कोर्टातल्या नोकरीची सवय म्हणून मी पंचमीलाच लेखी हरकत घेतली होती. "अण्णा, कोर्ट कवाच सुटलं. काठी टपावर बांधू," असे अध्यक्ष म्हणाले आणि सभा हसली. पाडव्याला मोटारवाल्याने मान वर करून काठी पाहिली. "वळणावर एखादं घर पाडंल की ही, मालक."

माझा संताप केवळ काठीपुरता नव्हता. माझ्या थोरल्या आक्काची नजर मंदावत चालली होती. दिसते आहे तोवर गुलालाने माखलेला डोंगर एकदा पाहायचा, तोही आपल्या काठीमागून चढून, असे ती देवाला बोलली होती. खोबरे, गुलाल, दशम्यांचे पीठ, सारे सोप्यात मांडून झाले होते. "काठी न्हाय तर मी न्हाय," ती म्हणाली.

मी तडक गाडीवानाकडे गेलो. तो वैरण टाकत होता.

"नकार तुमचाच आन बोलावणंबी तुमचंच व्हय?"

मी आक्काच्या डोळ्यांचे सांगितले. त्याने पेंडी खाली ठेवली. "हे आधी सांगायचं न्हाय व्हय? बैलांची शिंगं तर कवाच रंगवून ठेवल्यात."

मग गल्लीला आवर राहिला नाही. घराघरांतून भाजणीचा वास, दारोदार घुंगरांची घासणी. निघायच्या सकाळी मी पागोटेच दोनदा बांधले. काठी तरण्यांच्या खांद्यांवर चढली. पहिल्या गाडीत पुढे, आक्कासाठी मी गादी अंथरली होती. तीवर अध्यक्ष मांडी घालून बसलेले.

"बसू दे रं," आक्का मागे चढत हसली. "काठी दिसतीया मला."

डोंगर तिने त्या चैत्रात डोळे भरून पाहिला. पुढच्या चैत्रात गुलाल तिला चिमटीतच कळला.

म्हणून विचारतो, अध्यक्ष महाशय: ज्या गाड्या आपण बंद केल्या, त्यांतच माझ्या बहिणीची जागा कोणत्या अधिकाराने घेतलीत? येत्या पाडव्याला, काठी उभी राहण्यापूर्वी, देवळासमोर सर्वांदेखत उत्तर द्यावे. घरी येऊन घातलेली समजूत मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही.