सगळ्यांचंच नाव

ते नाव मी इथं घेणार नाही. दिवसभर घेऊन घेऊन माझी जीभ झिजलीय, आता वर फुकटात कोण घेतंय. दोन अक्षरी आहे, मुलाला चालतं, मुलीलाही चालतं, आणि अलीकडे ज्याला त्याला तेच सुचतं, एवढं कळलं तरी पुरे. आमच्या पाळणाघरात त्या नावाची सहा पोरं आहेत. पहिलं आलं तेव्हा आम्हीच म्हटलं होतं, वा, काय वेगळं नाव आहे.

मी तिथलं स्वयंपाकघर सांभाळते. भात शिजवायचा, दूध तापवायचं, केळी सोलायची आणि तोंड चालवायचं, ही माझी कामं. पाळणाघर बाईंचं. नवरा गेल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या पोरांसाठी मोकळ्या केल्या आणि स्वतः मागच्या खोलीत गेल्या. आता त्यांचे गुडघे बोलतात. खाली बसल्या की उठताना भिंतीला धरतात, आणि उठल्या की कशासाठी उठलो ते विसरतात. पोरं दुपारी झोपली की बाई भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून झोपतात. माझा विश्वास नव्हता, मी तोंडापुढे हात हलवून पाहिलाय.

एका नावाची दोन पोरं आली की टोपणनाव पाडायचं, ही बाईंची पद्धत. त्याशिवाय चालतच नाही हो. एकाला जेवायला बोलवावं तर सहा येऊन बसतात, आणि एकाला दटावावं तर सहा रडतात. म्हणून एक प्रश्न्या, एक ढेरपोट्या, एक पळपुट्या, एक राणीसरकार. एक बूटवाली, ती झोपतानाही बूट काढू देत नाही. आणि एक चावरा. चावरा माणसांना चावतो, उशीला चावतो, आणि कुणी नसलं तर दाराच्या कडेला चावतो. त्याच्या आईला आधी राग आला होता. मग एक दिवस तीच दारात येऊन म्हणाली, "आमच्या चावऱ्याचा डबा राहिला का इथं?"

बाईंना एकच लेक. चष्म्याच्या दुकानात काम करते, हसरी पोरगी होती. होती म्हणते, कारण मागं तिला मुलगा झाला आणि आठवडाभरही जगला नाही. नाव ठेवायच्या आधीच गेला, असं सगळे म्हणायचे. त्यातल्या त्यात तेवढं बरं झालं, असंही एक शेजारीण म्हणाली. तिला मी उंबरा ओलांडू दिला नाही.

नंतर लेकीला पुन्हा दिवस गेले. कुणी आनंद करायला धजेना. बाई तर त्या विषयाला हातच लावत नव्हत्या. पोट दिसायला लागलं तेव्हा लेक एक दिवस पोरांच्या जेवणाच्या वेळी आली, छोट्या खुर्चीत कशीबशी बसली आणि म्हणाली, "आई, नाव ठरवलंय." आणि तेच सांगितलं.

बाईंच्या हातात भात वाढायचा डाव होता, तो तसाच राहिला. "आणखी एक?" त्या म्हणाल्या. "अगं, जगात दुसरी नावं नाहीत का? उद्या शाळेत चार-चार असतील वर्गात. मी इथं डोकं धरून बसलेय, आणि तू घरातच आणतेयस."

"असू देत चार."

"लोक म्हणतील, आजी पाळणाघर चालवते, तिला एक नवं नाव सुचलं नाही."

लेक ढेरपोट्याकडे बघत होती. त्यानं भाताचा गोळा गालात धरून ठेवला होता, गिळत नव्हता. ती हळूच म्हणाली, "आई, या नावाची सगळी पोरं जिवंत आहेत. बघ ना. खातायत, भांडतायत, नाक पुसून घेतायत. मला तसलंच नाव पाहिजे. वेगळं काही नको."

बाईंनी भात वाढला. मी उगीच दुधाखालचा गॅस कमी केला, तो आधीच कमी होता.

त्या दिवसापासून आमच्या जिवाला घोर लागला. लेक रोज संध्याकाळी फोन करायची आणि सहाही पोरांची खबर घ्यायची. प्रश्न्या जेवला का, बूटवालीचा खोकला गेला का. बाई सांगायच्या, सगळी धडधाकट आहेत, तू झोप आता. पण फोन ठेवला की त्यांचा चेहरा उतरायचा. दुसऱ्या दिवशी त्या सहांच्या मागं मागं फिरायच्या, कपाळाला हात लाव, पायऱ्यांवरून खाली उतरव, वारा सुटला की स्वेटर चढव. बाकीची पोरं गेली उडत. पळपुट्या घसरगुंडीवर चढला की बाई खाली हात पसरून उभ्या. मी म्हटलं, "बाई, पोरं आहेत ती, अंडी नाहीत. आणि तुमचे गुडघे काय म्हणतायत ते बघा." त्या म्हणाल्या, "तू भात बघ." मी भात बघितला. दुसरं काय करणार?

आणि व्हायचं तेच झालं. चावऱ्याला ताप आला. साधा वाटला, मग चढला, मग पोराला झटका आला आणि त्याचे वडील त्याला रात्रीच मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. सकाळी त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. बाई फोन ठेवून दप्तरांच्या खुंट्यांसमोर उभ्या राहिल्या. चावऱ्याची पिशवी तिथंच होती, एक कान चावून काढलेला ससा तिच्यातून डोकावत होता.

"हिला कळलं तर?" त्या मला म्हणाल्या. हिला म्हणजे लेकीला. तिचे दिवस भरत आले होते.

"नाही कळणार," मी म्हटलं. "मी खोटं बोलते. तुम्हाला जमत नाही, तुमचा आवाज फुटतो."

संध्याकाळी फोन आला तो मीच घेतला. बाई आंघोळीला गेल्यात, सगळी पोरं मजेत आहेत, चावरा आज माझ्या पदराला चावला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चावऱ्याला मामाकडे पाठवला, म्हणजे आपला तोंडानंच. मामाच्या घरी कुत्रं आहे, दोघं एकमेकांना चावत असतील, असंही जोडून दिलं. लेक पलीकडून "बरं" म्हणाली. मला वाटलं, निभावलं.

एक गोष्ट आमच्या दोघींच्याही डोक्यात आली नाही. लेक तपासणीला त्याच दवाखान्यात जात होती. वर्षानुवर्षं इतरांची पोरं सांभाळणाऱ्या दोन बायका, आणि एवढं साधं सुचू नये. थकलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते म्हणतात ते खरं.

पुढच्या दिवशी लेक स्वतःच आली. दुपार कलली होती, पोरं नुकतीच उठून आळसावून बसली होती. ती दारातच चपला काढता काढता म्हणाली, "मावशी, मामाकडचं कुत्रं कसं आहे?"

मी केळं सोलायला घेतलं. कुणी मागितलंही नव्हतं.

"मी त्याच्या आईला भेटले," ती म्हणाली. "बसले तिच्याजवळ. रोज बसते. ताप उतरलाय त्याचा. काल नर्सला चावला."

बाई मटकन खाली बसल्या. भिंत धरायचंही भान राहिलं नाही. मग म्हणाल्या, "आता नाव बदलणार असशील."

"का?"

"त्या नावाची पोरंही आजारी पडतात. कळलं ना आता तुला."

लेक आईशेजारी जमिनीवर बसली. पोटामुळे तिला बसायला वेळ लागला, मी हात दिला. ती म्हणाली, "त्याची आई त्याला सारखी हाका मारत होती, आई. तो डोळे उघडत नव्हता तेव्हाही. घसा बसला होता तिचा, तरी मारत होती. मी मात्र माझ्याला एकदाही हाक मारली नाही."

"त्याला नाव कुठं होतं गं," बाई म्हणाल्या.

"होतं. सहाव्या महिन्यातच ठरवलं होतं मी. इतकं वेगळं होतं, की कुणाला सांगितलंच नाही. यांनाही नाही. वाटायचं, कळलं तर कुणीतरी उचलेल, मग सगळीकडे तेच होईल. घरी गेल्यावर सगळ्यांसमोर सांगणार होते. काचेच्या पेटीत होता ना तो, मी बाहेरून बघायची आणि नुसतं बाळ, बाळ म्हणायची. नाव जपून ठेवलं होतं." ती रडत नव्हती, दमलेली होती नुसती. "आता जपणार नाही. सगळ्यांचं आहे ते असू दे. हाक मारता आली पाहिजे. आत्तापासून मारतेय मी."

बाई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. राणीसरकार येऊन केळं मागून गेली, तिला मी नुसत्या डोळ्यांनी हाकललं.

मग बाईंनी विचारलं, "काय होतं गं त्याचं नाव?"

लेकीनं सांगितलं. मी तसं नाव आधी कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी ते एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग मान वर केली आणि मोठ्यानं हाक मारली, खेळणाऱ्या पोरांना जेवायला बोलावतात तशी. खोली पोरांनी भरलेली होती. एकाचीही मान वळली नाही.

मग लेकीनंच ओ दिली.