न टाकलेल्या सात ओळी

माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की मेल सर्व्हरच्या एका फाइलीत मेलच्या यादीच्या नावाने दहा ओळी टाका. मी तीन टाकल्या.

आता यात समजायला अवघड काही नाही, पण मला तेव्हा समजलं नव्हतं. मेल सर्व्हर म्हणजे पोस्टमास्तर. आलेलं पत्र कोणाच्या हातात द्यायचं, ते त्याला या फाइलीतून कळतं. यादीचं सॉफ्टवेअर म्हणजे एक पत्र घेऊन त्याच्या दोनशे प्रती सभासदांना वाटणारा माणूस. दोघांची ओळख या दहा ओळींनी करून द्यायची. एक ओळ सगळ्यांसाठी आलेल्या पत्रांची, एक सभासद होण्याची, एक नाव काढण्याची. या तीन मी टाकल्या. उरलेल्या सातांत एक मालकाची होती, म्हणजे काही अडलं तर सॉफ्टवेअरने कोणाला कळवायचं त्याची. मालक मीच, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. त्याला वेगळी ओळ कशाला, असं माझं मत पडलं. मी 'नमस्कार' असा एक मेल पाठवून पाहिला, तो सगळ्यांना पोचला, आणि मी चहा प्यायला गेलो.

मी तेव्हा भंडाऱ्याबाहेरच्या एका खासगी कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत सहायक होतो. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिल्हा फुटला तशी आमच्या बौद्ध समाजाच्या परिचय मंडळाची वहीही फुटली. लग्नाच्या मुलामुलींची माहिती त्या वहीत असायची. अर्धी तिकडे गेली, अर्धी इकडे राहिली, आणि मेळावे दोन व्हायला लागले. पण साकोलीची पोरगी देवरीला द्यायची तर आता दोन अध्यक्षांच्या सह्या लागत. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. ते एकदा प्रयोगशाळेत आले, सर्व्हरकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाबू, या डब्यात दोन्ही जिल्ह्याचं एक मंडळ बसवता येते का?"

मी म्हटलं येते. दोन दिवस लागतील म्हटलं, अकरा लागले. प्राचार्यांना परवानगी विचारली तर त्यांनी वीज जास्त जळेल का एवढंच विचारलं.

गुरुजींची एकच अट होती: उत्तर चार लोकांसमोर द्यायचं. आमच्या मेळाव्यात तशीच रीत होती. मुलाकडच्याने माइकवर यायचं आणि स्थळ पसंत आहे की नाही ते सगळ्यांदेखत सांगायचं. निरोप्याच्या हाती उत्तर पाठवलं की पुढे भांडणं होत. एक म्हणे आम्ही होकार कळवला होता, दुसरा म्हणे आमच्यापर्यंत आलाच नाही. म्हणून मुलीच्या माहितीत फोन नंबर द्यायचा नाही आणि फोटोही नाही. उत्तर यादीवरच द्यायचं, म्हणजे ते सगळ्यांना जाणार. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांच्यासाठी गुरुजी दर रविवारी मेलचे कागद छापून घेत आणि विहाराच्या सूचनाफलकावर लावत.

"पहिलं नाव तुह्या घरचं टाक," गुरुजी म्हणाले. "मंग लोकाईले भरवसा वाटन."

माझ्या घरी ताई होती. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तिशी ओलांडलेली, सानगडीकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. तिच्या माहितीत शेवटची ओळ तिने स्वतः सांगून लिहायला लावली होती: मुलगी नोकरी सोडणार नाही.

पहिल्याच आठवड्यात उत्तरं आली. सगळे नकार. बहुतेक सायबर कॅफेवाल्याने रोमन अक्षरांत टाइप केलेले, दोन ओळींचे. स्थळ पसंत नाही, जय भीम. वय जास्त आहे, जय भीम. मुलीने घर सांभाळावे अशी आमची अपेक्षा आहे, जय भीम. रविवारी ते फलकावर लागले. आई विहारात वंदनेला गेली आणि परत आल्यावर भाजीत मीठ टाकायचं विसरली. बाबांनी त्यानंतर विहाराच्या वाटेवरचं पानाचं दुकान सोडून दुसरं धरलं.

ताई मात्र दर शनिवारी चप्पल काढता काढता विचारायची, "आज किती?"

"तीन."

"बस? मागच्या वेळी पाच होते. भाव उतरून राहिला माहा."

ती हसायची. मीही हसायचो. आज आठवलं की मला माझाच राग येतो.

असं सहा महिने चाललं. बाकीच्या मुलींचंही तेच. यादीवर होकार म्हणून आलाच नाही. अधूनमधून एखादा विचित्र मेल येई: आपण विचार करायला इतका वेळ लावता हे बरे नव्हे, आमच्या मुलाचे दुसरीकडे जमले. कोण विचार करतंय, कशाचा, काही पत्ता लागत नसे. मी ते कोणीतरी चुकून पाठवलं असं समजायचो. गुरुजी एकदा चिडून म्हणाले, "बाबू, या डब्यातून नाईच काहून निघते? हो काहून नाई निघत?"

मला ते लागलं. मी म्हटलं, "गुरुजी, डबा फक्त पोचवतो. लोकच नाही म्हणतात, त्याला सर्व्हर काय करणार?"

आणि हेच मी घरी येऊन ताईलाही ऐकवलं. वर अक्कल शिकवली. म्हटलं, ताई, ती शेवटची ओळ काढ. लोकांना तीच खुपते. नोकरीपायी किती दिवस बसून राहशील?

ती सोमवारी नेहमीसारखी पहाटेच्या एसटीने गेली. पुढच्या शनिवारी आली, हातपाय धुतले, आणि चुलीजवळ बसून माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही. नोकरी सोडण्याची तयारी आहे. असंच लिही." आई म्हणाली, "अन् या वेळी फोटो लाव. गुरुजीले मी सांगतो." ताईने पेटीतून फोटो काढून दिला. नर्सिंगचं शिक्षण संपलं तेव्हा स्टुडिओत काढलेला, पांढऱ्या साडीतला. नोकरी सोडण्याच्या कागदाला तोच फोटो. आमच्या कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

सोमवारी मी फोटो स्कॅन केला, माहिती नव्याने टाइप केली आणि यादीवर पाठवली. दहा मिनिटं झाली, यादीवर काही आलं नाही. मग माझ्या पत्त्यावर सॉफ्टवेअरचं एक इंग्रजी पत्र आलं. तुमचं पत्र आकाराने मोठं असल्यामुळे थांबवून ठेवलं आहे. मर्यादा चाळीस केबीची. नियंत्रक विचार करून मंजुरी देतील.

नियंत्रक मीच होतो.

मंजुरीचं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. माझं पत्र चव्वेचाळिसावं होतं. त्याच्या वर त्रेचाळीस पत्रं सहा महिन्यांपासून थांबली होती. पहिलं उघडलं, होकार. दुसरं, होकार. शेवटपर्यंत तेच.

झालं असं होतं की नकार द्यायला दोन ओळी पुरत. होकार द्यायचा म्हणजे मुलाच्या बापाने स्वतःच्या हाताने व्यवस्थित पत्र लिहायचं, ते कॅफेत स्कॅन करायचं, सोबत पोराचा कोट घातलेला फोटो, डिग्रीची झेरॉक्स. दोनशे-तीनशे केबी. सॉफ्टवेअरने नकार तेवढे वाटले आणि होकार इमानेइतबारे अडवून ठेवले. प्रत्येक वेळी त्याने मालकालाही कळवलं. पण मालकाची ओळ मी टाकलीच नव्हती. मग पोस्टमास्तराने ती सगळी सूचनापत्रं सर्व्हरच्या एका कोपऱ्यातल्या पेटीत टाकली, जी मी कधी उघडली नव्हती. होकार पाठवणाऱ्यांना मात्र 'विचार करून मंजुरी देतील' हे इंग्रजी पत्र बरोबर गेलं होतं. पोरीकडचे विचार करत आहेत असं समजून ते बिचारे वाट बघत बसले.

त्रेचाळिसांतली नऊ ताईसाठी होती.

मी गुरुजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मले कायले सांगतो? चार लोकाईसमोर सांग." म्हणून मी यादीवर लिहिलं की दहा ओळींपैकी सात टाकायच्या राहिल्या, चूक पूर्णपणे माझी आहे. रविवारी तो कागदही फलकावर लागला. पुढचे दोन महिने लोक मला रस्त्यात थांबवून त्या सात ओळी कोणत्या ते विचारत.

पण ते नंतरचं. ताईला मी फोनवर काही बोललो नाही. ती शनिवारी लवकर निघाली होती, दुपारीच आली. तिला सरळ प्रयोगशाळेत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि एक एक पत्र उघडून दिलं. मला वाटलं होतं, मारायला चप्पल काढेल. खरं तर काढली असती तर बरं झालं असतं.

ती नऊच्या नऊ पत्रं सावकाश वाचत गेली. सातव्यावर थांबली. आसगावकडचा एक तलाठी होता, त्याने स्वतःच लिहिलं होतं. मुलीने नोकरी सोडू नये. उपकेंद्र सोडून आली तर तिथल्या बायांनी कुठे जावे? मीच साकोलीकडे बदली मागतो. पत्र यादी सुरू झाल्यानंतर दुसऱ्या आठवड्यातलं होतं. तेच घर, ज्यांनी पुढे चार महिन्यांनी 'दुसरीकडे जमले' असं कळवलं होतं.

ताईने ते दोनदा वाचलं. मग पदराने चष्मा पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

"हे कोणालेच दिसलं नाई?"

"नाही."

"माहे नकार मात्र सगळ्याइनं वाचले. भिताडावर लागले."

मी म्हटलं, ताई, मी सगळं पुसून टाकतो. अर्ध्या लोकांची लग्नं झाली आहेत. आता हे पाठवलं तर नुसता गोंधळ होईल.

"होऊ दे ना गोंधळ," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सहा महिने मी तुमच्या सगळ्याइच्या समोर हासून राहिली होती. तुले वाटलं मले काहीच होत नाई? पाठव. चार लोकाईले वाचू दे, का मले हो म्हणणारेबी होते."

मी पाठवायला लागलो. प्रत्येक पत्रासमोर मंजूर, नामंजूर, रद्द असे पर्याय असतात, ते तिला समजावून सांगितले. आठ मंजूर केली. तलाठ्याच्या पत्रावर आलो तसा तिने माझा हात धरला.

"याची बायको वाचन," ती म्हणाली. "हे राहू दे. मी वाचलं." आणि माउस घेऊन तिने ते स्वतः रद्द केलं.

मग मी बाकीच्या मुलींची चौतीस पत्रं उघडत बसलो. कोणती पाठवायची ते त्यांना विचारूनच ठरवायचं होतं, म्हणून नावं कागदावर उतरवत होतो. तेवढ्यात तिने पानाच्या तळाशी गेलेलं चव्वेचाळिसावं पत्र पाहिलं. पांढऱ्या साडीतला फोटो, आणि खाली 'नोकरी सोडण्याची तयारी आहे'. तिने मला उठवलं आणि माझ्या खुर्चीवर बसली. नामंजूर केलं की खाली कारण लिहायला एक चौकट असते, हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिनेच शोधलं. एका बोटाने टाइप करत बसली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

परत आलो तेव्हा ती गेली होती. मी माझे मेल उघडले. सॉफ्टवेअरचं पत्र आलेलं होतं: यादीच्या नियंत्रकांनी तुमचं पत्र नामंजूर केलं आहे. कारण: मुलगी नोकरी सोडत नाही, जय भीम.

दोन केबीचं होतं. लगेच पोचलं.