शेवटची पानं सुधाच्या पेटीत होती

पुढच्या शुक्रवारी येणारा तो सिनेमा आपटावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सुधाला जाऊन आज वर्ष झालं. आजच्या दिवशी तरी खोटं लिहिणार नाही.

सुधा म्हणजे लाखनीला हायवेवर ज्याचं पंक्चरचं दुकान होतं, तो. आणि सिनेमा म्हणजे ज्या जुन्या सायन्स फिक्शन कादंबरीवर आम्ही दोघांनी बावीस वर्षं जीव टाकला, तिच्यावरचा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.
एक यान तीनशे वर्षांनी पृथ्वीवर परत येतं. कॅप्टन एक बाई आहे. ती खाली बघते तर सगळीकडे काळोख, एक दिवा नाही.
ती संदेश पाठवते, "आम्ही आलोय. कुणी आहे का?"
आणि वाट बघत बसते.

ही कादंबरी सुधाला रद्दीत सापडली. ट्रकवाल्यांना हात पुसायला तो रद्दी आणून ठेवायचा, तिच्यात.
त्याने तिला जुन्या ट्यूबचं कव्हर घातलं. पुस्तक दुकानाबाहेर न्यायचं नाही, हा नियम.
मग मी दर रविवारी आसगावहून लाखनीला जायचो आणि टायरवर बसून वाचायचो.

पुस्तक त्या वाट बघण्यापाशीच संपायचं.

मी विचारलं, "बाकीची पानं?"
"सुटून आली ना बे. घरी पेटीत ठेवलो. इथं ऑइल लागते."

मग हातातली ट्यूब टबात बुडवून, बुडबुडा कुठून येतो ते बघत त्याने मला शेवट सांगितला. खाली नदीकाठी एक दिवा लागतो. एकच. बस.

"कोणाले सांगजो नको. मजा जाते."

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.
पण ती पानं त्याच्याकडे आहेत आणि माझ्याकडे नाहीत, हे मला बावीस वर्षं खुपत राहिलं. मी बी.एड. झालेला मास्तर, आणि पानं पंक्चरवाल्याच्या पेटीत. हो, असाही विचार केलाय मी.

दुसरी प्रत कुठे मिळाली नाही. आता सिनेमामुळे नवीन आवृत्ती आली आहे. कव्हरवर हिरॉइन आहे. मी घेतली नाही.

ट्रेलर आल्यापासून आमच्या वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसता धुमाकूळ.
पुस्तकातली कॅप्टन पन्नाशीची, केस पिकलेली. सिनेमातली पंचविशीची, आणि तीनशे वर्षांनंतरही लिपस्टिक जागच्या जागी. यानात गाणं पण आहे म्हणतात.
काहींना वाटतं व्हीएफएक्स भारी आहे, शेवट तरी नीट करतील. आणि ज्यांनी पुस्तक हातात धरलं नाही, ते "माय ऑल टाइम फेवरेट" लिहून मोकळे झाले.
जळतो मी. हे वाचून अंगाचा तिळपापड होतो.

सुधा आजारी असताना सिनेमाची नुसती बातमी आली होती. दवाखान्यात मला म्हणाला, "पिच्चर आला का शेवट मले सांगजो."
मी म्हणालो, "तुले त माहीत हाये."
तो नुसता हसला. मला वाटलं, औषधांमुळे विसरायला लागला.

आज सकाळी त्याच्या घरी स्मृतिदिन झाला. बुद्धवंदना झाली, खीर वाटली गेली.
ग्रुपमधला राजू आला होता, कारध्याचा. सुधाला दादा म्हणायचा, तोही दुकानात बसूनच पुस्तक वाचलेला. अर्थातच सिनेमाचा विषय निघाला, आणि मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हटलं, तो नदीकाठचा दिवा दाखवला नाही तर या लोकांना माफी नाही.

राजू म्हणाला, "कोणता दिवा, सर?"
त्याच्या शेवटात यान धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात उतरतं आणि पोरं बघायला धावत येतात. दादानेच सांगितलेलं. वर, कुणाला सांगू नको, हेही.

मला इतका राग आला की खिरीची वाटी खाली ठेवली. म्हणजे मी एकटा नव्हतो तर. मी म्हटलं, वहिनी, पेटी उघडा. पानं काढा. होऊन जाऊ द्या.

वनिता वहिनी, सुधाची बायको, त्याच्या फोटोकडे हात करून शांतपणे म्हणाली, "कोणची पानं, भाऊजी? पुस्तक रद्दीतून आलं तवाच तसं होतं. शेवट यायलेबी माहीत नव्हता."

बावीस वर्षं मी ज्या गोष्टीवर जळलो, ती त्याच्याकडे नव्हतीच.

मी विचारलं, तुम्हाला त्याने काही शेवट सांगितला होता का?
ती आधी नाही म्हणाली. मग फोटोकडे बघत म्हणाली,
"खालून एका बाईचा आवाज येते म्हणे. ते पुसते, जेवन झालं का?"



दुकान बंद करून तो घरी आला की वहिनी त्याला रोज हेच विचारायची. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.

खरं सांगतो, तिथे त्याच्या फोटोसमोर बसून मी पुन्हा जळलो. मला नुसता दिवा दिला. राजूला धानाची बांधी दिली. सगळ्यात चांगला शेवट घरी ठेवला.

शुक्रवारी आम्ही तिघं भंडाऱ्याला जाणार आहोत. वहिनीच म्हणाली, "यायले पाहाचा होता. कसा संपते ते आपण पाहून येऊ."

सिनेमा आपटावा ही इच्छा अजूनही आहे. पण शेवटपर्यंत बसेन. शेवट सांग, असं तूच म्हणाला होतास.

मघापासून "भावपूर्ण श्रद्धांजली" टाइप करतोय आणि खोडतोय. वर काळोख आहे की दिवा, मला माहीत नाही. मी आपला खालून विचारतो.

जेवन झालं का बे, सुधा?