मी वाचलं ते पान पुस्तकात नाही

आमच्या भंडारा जिल्ह्यात भुताच्या गोष्टींना तोटा नाही, चिंचेच्या झाडागणिक एक मिळेल. मी लहानपणीसुद्धा त्यांना हसायची. त्यामुळे खालचं वाचून कोणी मला हसलं तर माझी तक्रार नाही... फक्त कोणाला अर्थ लागला तर सांगा. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

मी पुण्यात सदाशिव पेठेत एका काकूंकडे राहते. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्या. डोळ्यांनी आता फक्त कडेकडेचं दिसतं. त्यांचं जेवणखाण, औषधं सगळं माझ्याकडे. आई गेली तेव्हा सातवीतच माझी शाळा सुटली होती. काकूंनी मला पुन्हा वाचायला बसवलं. "मला दिसत नाही, तुला येत नाही. दोघींचं मिळून एक माणूस होईल," म्हणाल्या. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. पण अजूनही मी ओळीखाली बोट धरूनच वाचते. शब्द सुटू नये या काळजीत अर्थाकडे लक्षच नसतं, तो मागून पोचतो. मनानं काही जोडून वाचणं तर मला जमणारच नाही.

दर रविवारी सकाळी काकूंच्या हॉलमध्ये बुक क्लब भरतो. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. प्रकरण संपेपर्यंत वाचणाऱ्याला अडवायचं नाही आणि पुढची पानं आधी चाळायची नाहीत, हे नियम. यंदा त्यांनी विटेएवढी जाड, जुनी परदेशी विज्ञान कादंबरी घेतली — मराठी अनुवादातली. एक जहाज दूरच्या ताऱ्याकडे निघालंय, पिढ्यानपिढ्या चाललंय, एवढं मला कळलं. कोण कुठल्या काळात बोलतंय ते कोणालाच कळत नव्हतं. क्लबातले आपटेकाका म्हणायचे, "अनुवादकालाही कळलेलं नाही. पण माणूस प्रामाणिक, त्यानं ते लपवलेलं नाही."

त्या रविवारी वाचायची पाळी माझी होती. सकाळपासून मन लागत नव्हतं. गावी बाबा एकटेच, भाऊ नागपूरला कामाला. बाबांनी फोन उचलला नव्हता... शेतावर गेले असतील, म्हटलं. मृण्मयी — आयटीतली, क्लबमधली सगळ्यात लहान — न आलेल्यांसाठी नेहमीसारखं फोनवर रेकॉर्डिंग लावून बसली. मी वाचलं. प्रकरण संपल्यावर मी चहा टाकायला उठले आणि मागे चर्चा सुरू झाली.

"मला तो निळा ड्रम फ्युएल टँक वाटला," मृण्मयी म्हणाली.

"त्यात शेवग्याचं रोप आहे. इंधनावर शेवगा वाढत नाही," आपटेकाका म्हणाले.

"सिम्बॉलिक असेल ना, काका!"

"कसलं सिम्बॉलिक? अनुवादकानं स्वतःचं परसदार घुसवलंय."

काकू म्हणाल्या, "मला त्या पडलेल्या माणसानं चटका लावला. डावा हात उचलवत नाही, हाक मारायला जातो तर आवाज नाही... मागे राहिलेली पृथ्वीच ती. पण तणसीच्या ढिगाआड म्हणजे कशाआड गं?"

"धान झोडल्यावर उरतं ते, काकू. गुरांना घालतात," मी ओट्यापासूनच सांगितलं... आणि चमच्यातली साखर चमच्यातच राहिली.

निळा ड्रम. तळाला चीर गेली म्हणून बाबांनी त्यात शेवगा लावलेला. आमच्या घरामागं, तणसीजवळ.

मी गावी शेजारच्या वनितावहिनीला फोन लावला.

"सकाळी तं पाह्यलं मी त्याईले, नळावर होते! काय झालं तुले?"

"वहिनी, तणसीच्या मागं बघ. आधी बघ!"

चपलांचा आवाज, कोंबड्यांचा कलकलाट... मग वहिनीची किंकाळी.

बाबांना लकवा मारला होता. वहिनीच्या नवऱ्यानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. इकडे आपटेकाकांनी माझं तिकीट काढलं, स्वतः स्टेशनवर आले. म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. कारणं नंतर शोधू." हे असं नेहमी तिरकस बोलणारे काका, गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते.

बाबा सावरायला लागल्यावर मी परत आले. पुस्तक उघडलं. त्या प्रकरणात ड्रम नाही, शेवगा नाही, तणस नाही. जहाजाचा कप्तान सगळ्यांना थंड पेट्यांत झोपवतो आणि सांगतो, एकानं जागं राहायचं, नाहीतर जहाज वाट चुकेल — एवढंच. मृण्मयीचं रेकॉर्डिंग ऐकलं. माझाच अडखळता आवाज, आणि पुस्तकात छापलेलंच सगळं. शब्दाला शब्द. पण हॉलमधल्या प्रत्येकानं ड्रमच ऐकला होता! आपटेकाकांनी ते पुन्हा पुन्हा लावलं. "माझे कान म्हातारे आहेत, पण एवढे कल्पक नाहीत," म्हणाले आणि उठून गेले.

इथपर्यंत क्लबला माहीत आहे. पुढचं मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

बाबांना अक्षर येत नाही. मी शाळेत असताना दुकानातून पुडीला आलेला कागदसुद्धा ते माझ्याकडून वाचून घ्यायचे. हळूहळू त्यांची वाचा परतली. एकदा फोनवर म्हणाले, "त्या दिवशी तू वाचत होती ना वं? अडखळत, पयलेसारखी."

"काय वाचत होते, बाबा?"

"जहाजाचं. सारे निजले. एकानं जागं राहा, म्हने. म्हून मी झोपलो नाई."

पुस्तकाबद्दल मी गावात कोणाशी, भावाशीसुद्धा, कधी बोलले नव्हते. आमच्या हॉलमध्ये त्यांचं परसदार ऐकू आलं, आणि त्यांच्या परसदारात आमचं पुस्तक. हे कसं झालं... मला खरंच माहीत नाही. विचार करायला लागलं की बसवत नाही, उठून घरभर फिरते.

क्लब त्याच प्रकरणावर थांबलाय. काकू म्हणतात, "तू म्हणशील तेव्हा पुढे." पुस्तक टीपॉयवर असतं. पुसताना मी उचलते, तसंच ठेवते. शेवटचं पान उलटलं की कळेल, पण हात होत नाही. नियमाचं काय एवढं... जहाज वाट चुकलं असेल तर?

बाबा मात्र दर फोनला विचारतात, "पोचलं का वं जहाज?"

"चाललंय बाबा, अजून चाललंय," मी सांगते.