आई मेक्सिकोला आली तेव्हा

सत्यजित पिंपळापुरेचं अमेरिकेत झकास चाललंय, असं नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात कोणीही तुम्हाला सांगेल. सिॲटलजवळच्या बॉथेल नावाच्या गावात त्याचं घर आहे, दर रविवारी कोणाकडे ना कोणाकडे पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण असतं, गणपतीत नाटक बसतं, आणि ऋषी नावाचा त्याचा एक जिवाभावाचा मित्र आहे. ऋषीची बायको सावनीही नागपूरचीच, ती पुडाची वडी अशी करते की इतवारीतला हलवाई तोंडात बोट घालेल. ही बातमी गल्लीभर केली शोभनाताईंनी, म्हणजे त्याच्या आईने. आणि शोभनाताईंना ती दर शनिवारी फोनवरून पुरवत आला खुद्द सत्यजित.

त्यातलं सगळं एकेकाळी खरं होतं. पण ऋषी आणि सावनी टेक्सासला गेले त्याला बराच काळ लोटला. त्याच्याही आधी सत्यजितच्या बायकोला, नेत्राला, दूर पूर्व किनाऱ्यावर हर्नडनला नोकरी लागली. ती आधी महिन्यातून एकदा यायची, मग सणासुदीला, मग वकिलाचे घटस्फोटाचे कागद आले; तेवढं मात्र त्याने आईला सांगितलं. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही, आणि हेच त्याला जास्त लागलं. भांडायलाही समोर माणूस लागतो.

तिथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं वाईट नव्हती. ती बोलवायची. पण जोडप्यांच्या घोळक्यात एकटा माणूस शिरला की यजमानीण त्याला आग्रह जरा जास्तच करते, आणि मुलांच्या शाळांवरची चर्चा तो आला म्हणून मध्येच थांबते. दोन-तीनदा असं झाल्यावर सत्यजितने निरोपांना उत्तर देणं सोडलं. मग निरोप यायचे थांबले. तो औषधांच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घरी बसून तपासतो. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचा पहिला शब्द घोगरा निघतो, कारण आदल्या दुपारनंतर तो कोणाशी बोललेलाच नसतो.

मग नागपूरला का नाही गेला? शोभनाताईही हेच विचारायच्या. पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. अमेरिकेत राहायला, नोकरी करायला त्याची अडचण नाही. पण एकदा भारतात पाऊल टाकलं की नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय परतता येत नाही, आणि त्याच्या मुलाखतीच्या तारखा कधी मिळतील ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्याच्या टीममधला एकजण बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला आणि तिकडेच अडकून नोकरीला मुकला. सत्यजितने धसका घेतला तो तेव्हापासून. सहा वर्षं झाली, तो घरी गेला नाही.

नियमात एक फट मात्र आहे. महिन्याच्या आत परतायचं असेल तर कॅनडा आणि मेक्सिको या दोन शेजाऱ्यांकडे जुन्या शिक्क्यावरही जाऊन येता येतं. कॅनडा बॉथेलहून हाकेच्या अंतरावर, पण तिथे पुन्हा तीच थंडी आणि तेच ओळखीचे चेहरे. म्हणून दर हिवाळ्यात तो मेक्सिकोचा व्हिसा काढून कान्कूनला उतरायचा. मंडळातली कुटुंबंही कान्कूनलाच जायची, पण ती समुद्रावरच्या हॉटेलांत, खाणंपिणं भाड्यातच असल्याचा पट्टा हाताला बांधून. तिथली प्रत्येक खोली दोघांसाठी, प्रत्येक टेबल चौघांसाठी. सत्यजित आपला बस स्टँडवर जाऊन सर्वांत स्वस्त, दुसऱ्या वर्गाची बस धरायचा.

ही बस हात दाखवाल तिथे थांबते. कोंबड्या चढतात, मक्याची पोती चढतात, शाळेची पोरं चढतात. जिथे बस जात नाही तिथे कोलेक्तिवो नावाच्या व्हॅन असतात, आपल्याकडच्या काळी-पिवळीसारख्या, भरल्याशिवाय न हलणाऱ्या. अशा गाड्यांतून त्याने माया लोकांची जुनी शहरं पाहिली. जंगलातून वर डोकावणारे पिरॅमिड पाहिले, चेंडूची मैदानं पाहिली, पावसाच्या देवाचे लांब नाकाचे मुखवटे पाहिले, आणि संध्याकाळी निळ्या समुद्रावर एकट्याने भाजलेले मासे खाल्ले. पण खरं सांगायचं तर तो जायचा बससाठी. बॉथेलमध्ये वर्षभरात त्याच्या खांद्याला कोणाचा खांदा लागत नाही. बसमध्ये लागतो. एकदा पालेंकेच्या वाटेवर एक म्हातारी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. याचा हात मुंग्यांनी बधिर झाला, त्याचा स्टँडही मागे गेला, पण गडी हलला नाही.

शोभनाताईंनी अमेरिकेचा व्हिसा दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा त्या नकार घेऊन घरी आल्या. तेव्हा सत्यजितच्या डोक्यात आलं, आईच मेक्सिकोला आली तर? त्याने भीतभीत विचारलं. एवढा प्रवास, एवढं वय, ती नाहीच म्हणेल असं त्याला वाटलं होतं.

"कधी यायचं ते सांग," शोभनाताई म्हणाल्या. "आणि गरम कपडे लागतात का तिकडं?"

त्यांचं सगळं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं होतं. त्या कोणत्याही गोष्टीला घाबरल्याचं त्याने पाहिलं नव्हतं.

आनंद झालाच. पण त्याच्या मागोमाग काळजीही आली. फोनवर आठवड्यातून अर्धा तास थाप मारणं वेगळं आणि दहा दिवस आईच्या नजरेसमोर वावरणं वेगळं. आपण इथे एकटे आहोत, हे तिला कळता कामा नये. वडील गेल्यापासून ती नागपूरच्या घरात एकटी राहते. तिने हा घोर घेऊन परत जाऊ नये. एवढं एक साधलं तर बाकी काही नाही दिसलं तरी चालेल, असं ठरवून त्याने ऋषीच्या मुलाच्या वाढदिवसाचे जुने फोटो फोनमध्ये वर आणून ठेवले.

कान्कूनच्या विमानतळावर शोभनाताई बाहेर आल्या त्या पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि पुढ्यात ढकलगाडी घेऊन. सत्यजितला वाटलं होतं आपण धावत जाऊ. तो जागीच उभा राहिला. आईची उंची कमी झाली होती. फोनवर ते कधी दिसलं नव्हतं.

"वाळलास," त्या म्हणाल्या आणि त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. पहिल्याच मुक्कामी त्यांनी बॅगेतून संत्रा बर्फीचे दोन डबे काढले. "हा तुझा. आणि हा ऋषीच्या घरचा. आठवणीनं दे, सावनीला आवडते म्हणालास न."

"हो हो, देतो," सत्यजित म्हणाला. त्याने दोन्ही डबे घाईघाईने आपल्या बॅगेत घातले.

बसची त्यांना पहिल्याच दिवशी गोडी लागली. सत्यजितने त्यांना कोबाचा उंच पिरॅमिड दाखवला, वायादोलिदच्या चौकात बसवलं, लाल सरबत पाजलं. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, ही तर आपली अंबाडी!" पिरॅमिडपाशी त्या जेमतेम पाच मिनिटं थांबल्या, पण मक्याची भाकरी थापणाऱ्या बाईसमोर अर्धा तास. बसमध्ये शेजारच्या माया आजीशी त्या सरळ मराठीत बोलू लागल्या. आजी तिच्या भाषेत बोलली. दोघींनी एकमेकींच्या बांगड्या पाहिल्या, गुडघे दाखवले. आजीने आपली नातवंडं किती ते बोटांवर सांगितलं. शोभनाताईंनी नुसती नाही अशी मान हलवली तेव्हा आजीने त्यांचा हात हातात घेतला. सत्यजितने ॲपवर दोन वर्षं स्पॅनिश घोटलं होतं, पण इतक्या हिवाळ्यांत त्याच्या वाट्याला असा संवाद एकदाही आला नव्हता. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि त्याला आईचा चक्क हेवा वाटला.

तुलुमला समुद्राने कुजलेल्या शेवाळाचे ढीग किनाऱ्यावर आणून टाकले होते. वास असा की पोहणं सोडाच, उभं राहवेना. "एवढ्या लांबून याच्यासाठी येतात लोक?" शोभनाताईंनी नाकाला पदर लावून विचारलं आणि दोघं पोट धरून हसली. रोज संध्याकाळी ऋषीचा विषय निघायचा आणि रोज सत्यजित एखादी जुनी गोष्ट नवी करून सांगायचा. शोभनाताई ऐकून घ्यायच्या, मध्येच एखादा प्रश्न टाकायच्या. निभावलं, असं त्याला वाटू लागलं.

बकालारला एक मोठं तळं आहे. त्याच्या पाण्यात निळ्याच्या इतक्या छटा आहेत की मोजायला जाऊ नये. दुपारी लाकडी धक्क्यावर दोघं पाण्यात पाय सोडून बसली होती.

"सत्यू, तुझं घर दाखव न मला."

"आई, किती वेळा दाखवलंय फोनवर."

"ते काय दाखवणं आहे बापा! सहा वर्षं तुझ्या खुर्चीमागची भिंत पाहून राहिले मी. तुझा ओटा पाहायचाय, गॅलरी पाहायचीय, तू झोपतोस कुठं ते पाहायचंय. किल्ली ऋषीकडंच ठेवली असशील. त्याला म्हण, घर उघड आणि व्हिडिओ कॉल लाव. पाच मिनिटांचं काम."

त्यात वावगं काहीच नव्हतं. त्रिमूर्तीनगरात माणूस वर्ध्याला एका रात्रीसाठी गेला तरी शेजारी किल्ली देऊन जातो. तुळशीला पाणी घालायला, दूध घ्यायला, आणि काही नाही तर नुसती असावी म्हणून. इतकी वर्षं सगळ्या थापा रचताना सत्यजितने पॉटलकमधल्या भाज्यासुद्धा ठरवल्या होत्या. किल्लीचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

"ऋषी जरा बिझी असेल गं. त्याच्या ऑफिसात रिलीज चाललंय."

"मग सावनीला सांग."

"तीपण... म्हणजे कामाचा दिवस आहे ना आज."

"बरं, मग शेजारी? दुसरी किल्ली आहे कोणाकडं?"

इथे काहीही सांगता आलं असतं. कुलूप आकड्यांचं आहे म्हणता आलं असतं. पण जीभ उचलेना.

"माझ्या बॅगेत आहे," तो म्हणाला.

"दोन्ही?"

"दोन्ही."

 शोभनाताईंनी पाय हलवणं थांबवलं. "बरं," त्या म्हणाल्या. "चहा मिळतो का इथं कुठं?"

दुसऱ्या दिवशी कान्कूनची परतीची बस पकडली. बस भरल्यावर शोभनाताईंनी सत्यजितच्या बॅगेतून ऋषीचा डबा काढला, झाकण उघडलं आणि पुढच्या सीटवरच्या बाईसमोर धरला. मग तिच्या पोरांसमोर, मग पलीकडच्या पोतेवाल्यासमोर.

"आई, तो ऋषीचा..."

"टेक्सासला कोण नेऊन देणार आहे?"

सत्यजित आईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"सावनीची आई भेटली होती मागच्या दिवाळीत, धरमपेठेत. तिनंच सांगितलं, पोरं टेक्सासात रमली म्हणून." नागपूरच्या दोन आया धरमपेठेत समोरासमोर आल्या तर काय होईल, हे या शहाण्याला कधी सुचलं नव्हतं. "डबा आणला तो खडा टाकून पाहायला. म्हटलं, आता तरी खरं सांगेल."

"मग वर्षभर ऐकून का घेतलंस?"

"तू सांगून राहिला होतास म्हणून. तेवढा वेळ बोलत तरी होतास माझ्याशी." डबा रिकामा होऊन परत आला. शोभनाताईंनी झाकण लावलं, ते नीट बसत नव्हतं, पुन्हा लावलं. "ऋषी गेला ते माहीत होतं रे मला. कोणीच नाही, हे नव्हतं माहीत."

त्यांच्या डोळ्यांना धार लागली. आईला रडताना सत्यजितने वडील गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. जे होऊ द्यायचं नाही म्हणून दहा दिवस जीव आटवला तेच झालं, आणि करण्यासारखं काही उरलं नाही. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं आणि न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. उरलेली वाट शोभनाताई त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या. झोपल्या नव्हत्या.

विमानतळावर दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. त्यांना इस्तंबूलवरून मुंबई, त्याला सिॲटल. पुढच्या वर्षी नक्की, गुडघ्याचं औषध चुकवू नकोस, पोचल्यावर फोन कर, असं सगळं बोलून झालं. शोभनाताई रांगेकडे निघाल्या आणि थांबल्या.

"त्यातली एक किल्ली दे मला."

"आई, नागपुरात बसून काय करशील तिचं?"

"मी काय करणार? घराची एक किल्ली दुसऱ्या कोणाकडं असावी लागते."

त्याने बॅगेच्या आतल्या कप्प्यातून किल्ली काढली. शोभनाताईंनी ती आपल्या घराच्या जुडग्यात घातली, जुडगा पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढून घेतली.

"आता कोणी विचारलं तर सांग, आईकडं असते म्हणून."

विचारणारं कोणी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. सत्यजितने मान डोलावली.