सायकलच्या तारांची घोडी

पाटणकर बाजारातल्या त्या टाइपवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विद्यापीठातल्या आम्हा संशोधकांचे पेटंटचे अर्ज तोच टाइप करायचा. दुसरं गिऱ्हाईक आत आलं, की आमचा कागद झटकन पालथा घालायचा आणि ते गेल्यावरच सरळ करायचा. अर्जातलं त्याला काही कळत नसे, पण राखण पक्की.

माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी मी उत्साहाने सांगून बसले, की माझं पाणी गाळायचं यंत्र पुढच्या आठवड्यात परिषदेत दाखवणार आहे. त्याची बोटं थांबली.

"बिलकुल नाही, मॅडम! अर्ज जायच्या आधी चार लोकांना दाखवलं, की पेटंट गेलं. किती प्रोफेसर लोक इथे येऊन परेशान झालेत."

मग माझं लक्ष त्याच्या टेबलाकडे गेलं. सायकलच्या चाकाच्या तारा वाकवून त्याने एक घोडी केली होती. तिच्यावर कागद बरोबर डोळ्यांसमोर उभा राहायचा आणि बोटाने ढकलला की वर सरकायचा. असं काही मी कुठेच पाहिलं नव्हतं.

"याचं पेटंट घ्या की!"

तो लाजला. "आता कुठलं? बनवली त्याच दिवशी समोरच्या दुकानात दाखवून आलो."

मी वळून पाहिलं. समोरच्या टाइपवाल्याच्या टेबलावरही तशीच घोडी होती.

"अहो, पण तुम्हाला तर नियम पाठ होता."

"होता ना," तो म्हणाला. "पण त्याची मान फार दुखत होती."