पांढऱ्या कडेचा साग

घरामागच्या अंगणात ऊन येत नाही, जमीन कायम ओली असते, तिथे फळ्यांचा ओटा करायचा आहे, कोणतं लाकूड टिकेल, असं तुम्ही पत्रात विचारलं आहे. आजोबा जंगलखात्यात होते, तेव्हा आजीला लाकडातलं कळत असेल, हा तुमचा अंदाज. कळतं. कसं कळलं ते आजवर सांगितलं नव्हतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. तुमचे आजोबा चांदा जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या एका गावात रेंजर होते. क्वार्टरच्या परसात आंबा आणि जांभूळ एकमेकांत गुंतलेले. मृगापासून दिवाळीपर्यंत स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत नुसता चिखल. सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिथून चालवत नसे, म्हणून पाणी, भांडी, धुणं सगळं माझ्याकडे.

त्याच सुमारास मूलला मुलींची शाळा वाढवायची ठरली आणि इंग्रजी शिकवायला मला विचारलं गेलं. मी बी.ए. झालेली, चार वर्षं चूल फुंकत होते. रात्री आनंदाने झोप लागली नाही. सासूबाई म्हणाल्या, "जा की. मी विहिरीपर्यंत कोरड्या पायाने जाऊ शकले, की खुशाल जा. पण आधी एक पावसाळा निभू दे."

म्हणजे दारापासून विहिरीपर्यंत फळ्यांचा ओटा घालायचा, आणि तो टिकला तर नोकरी. मी वहीत नकाशा काढला, मापं लिहिली, गावच्या सुताराला बोलावलं. त्याने परसात पाय आपटून माती पाहिली.

"बाई, इथी बिजाचं लाकूड लावा. आन फळ्यायच्या मंधात बोटभर फट ठेवा. नाई तं पाण्यानं जावं कुठी?"

"फटीतून विंचू वर आले म्हणजे?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"विंचू दारातून बी येते ना, आजी. त्याले कोणी अडवलं?"

तुमचे आजोबा हसले नाहीत. "बिजा? रेंजरच्या परसात आडजात लाकूड? ठेकेदार हसतील मला. साग घाल."

सागाखेरीज सगळं आडजात, ही त्या खात्याची बोली. साग म्हटलं की पुढे विचार करायचा नाही, ही रीत. आलेला साग विरळणीत, म्हणजे दाट झाडी विरळ करताना, तोडलेल्या कोवळ्या झाडांचा होता. प्रत्येक फळीला चार-चार बोटं पांढरी कड. सुताराने त्या कडेत नख रुतवून मला दाखवलं.

"हे सडते, बाई. आतलं लाल लाकूड टिकते, हे नाई. वाळवीले का मालूम, हे साहेबाचं घर हाय म्हणून?"

त्याचं बरोबर आहे, हे मला कळत होतं. पण परवानगी नुकतीच मिळालेली. वाद घातला तर ती जाईल, म्हणून मी वही मिटली. फळ्या पांढऱ्या कडांसकट, एकमेकींना चिकटवून ठोकल्या गेल्या.

पहिल्याच श्रावणात त्यांच्यावर हिरवा थर आला. सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून मी रोज पहाटे उठून राखेने आणि नारळाच्या शेंडीने ओटा घासत असे. मला तो स्वच्छ दिसायला हवा होता. खरं तर मीच त्याला रोज भिजवत होते. पाणी खाली जायला वाट नव्हती, वरून वाळायला ऊन नव्हतं. पावसाळा संपला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "टिकला बाई तुझा ओटा." त्या शब्दावर मी शाळेला होकार कळवला.

पुढच्या जूनमध्ये, रुजू व्हायला चार दिवस असताना, मी पाण्याची घागर घेऊन विहिरीकडून येत होते. एक फळी काहीही आवाज न करता खचली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि घागरीच्या वजनाने मी आडवी पडले. फळीची खालची बाजू वाळवीने मातीसारखी केली होती. पायाचं हाड दोन जागी मोडलं. चांद्याला नेऊन प्लास्टर घातलं, ते अडीच महिन्यांनी निघालं. हाड वाकडंच जुळलं. शाळा तोवर कशी थांबेल? नागपूरहून दुसऱ्या बाई आल्या.

मी चांद्याला पडून असताना त्याच सुताराने ओटा उखडला आणि बिजाचा नवा बांधला, बोटभर फटी ठेवून. या वेळी लाकूड कोणतं, हे त्याला कोणी विचारलं नाही. आमची बदली होईपर्यंत तो ओटा जसाच्या तसा होता. सासूबाई त्यावरून कोरड्या पायाने विहिरीपर्यंत जात. विंचू मी एकही पाहिला नाही.

तेव्हा लाकूड आतलं, पक्कं घ्या. पांढरी कड काढून टाकायला लावा. फटी ठेवा, आणि खालून वारा खेळेल इतका ओटा जमिनीपासून उचला. तो रोज घासावा लागत असेल तर काहीतरी चुकलं आहे, हे ओळखा. बांधणारा काही सांगत असेल तर ऐका, आणि घरातलं कोणी त्याला गप्प करत असेल तर तुम्ही तरी बोला.

तुमचे आजोबा माझ्या लंगडण्याची गोष्ट पाहुण्यांना सांगत, शाळेच्या घाईत हिचा पाय घसरला म्हणून. तुम्हीही ती ऐकून हसला आहात, तुमचा दोष नाही. मीही त्या वेळी चहाचे कप उचलून आत जात असे.

पाय घसरला नव्हता. फळी मोडली होती.